पत्रेवाल्याच्या हातावरचा केशरी मासा

माझ्या ताईला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. रस्त्यात कुणी हाक मारली की ती आधी त्याचा हात बघते, मग दंड, जमलं तर मान, आणि मगच म्हणते, "अरे, तू होय! बरा आहेस ना?" एकदा भर बाजारात तिने एका अनोळखी हवालदाराचं मनगट धरलं आणि त्याला ऐकवलं, "हा विंचू कुणी काढला हो? शाई पसरलीये. सुई फार खोल घातलीये त्या गाढवाने." हवालदार इतका गांगरला की मनगट सोडवून घ्यायचंही त्याला सुचेना. मी शेजारी पिशव्या धरून उभी. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

ताई टॅटू काढते. आमचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि ताई लहानपणी त्यांची शिडी धरायची. उन्हाकडच्या पाट्या बाबांना सारख्या परत रंगवाव्या लागत. लाल आधी जायचा, मग पिवळा, आणि काळी अक्षरं मात्र शेवटपर्यंत तशीच. "लाल पाहुणा, काळा घरचा," असं बाबा म्हणायचे. ते गेले तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून ताईनेच मला वाढवलं, शिवणकाम शिकायला पाठवलं, मशीन घेऊन दिलं. स्वतः लग्नाच्या फंदात पडली नाही. माझ्या नाकावर राग आणि तिच्या नाकावर चष्मा, एवढाच आमच्या दोघींत फरक, असं ती म्हणते. मी म्हणते, फरक जमीनअस्मानाचा आहे. मला राग आला की गल्लीला कळतो. तिला आला की तिलाच कळतो.

तिचं दुकान सायकलवाल्याच्या शेजारी. एक अरुंद खोली, बंद पडलेल्या सलूनमधून आणलेली मागे कलणारी खुर्ची, स्टुलावर मशीन, मान वळवता येणारा मोठा दिवा. मागे पडदा, पडद्याआड अजून एक इवलीशी खोली. दुसऱ्या टॅटूवाल्यांच्या भिंतीवर वाघ, सिंह, पऱ्या असतात. ताईच्या भिंतीवर फोटोंच्या जोड्या आहेत. डावीकडे टॅटू काढला त्या दिवशीचा फोटो, उजवीकडे त्याच कातडीचा बऱ्याच वर्षांनंतरचा. एका ड्रायव्हरचे दोन्ही हात आहेत, एकावर गरुड अजून काळा कुळकुळीत, आणि खिडकीकडच्या हातावरचा गरुड राखाडी पडलेला. एका बाईच्या खांद्यावरच्या गुलाबाचा चक्क कोबी झालाय. कुणीतरी मनगटावर बारीक अक्षरांत काहीतरी फार थोर वाक्य लिहून घेतलं होतं, ती आता मुंग्यांची रांग आहे.

खुर्चीत बसायच्या आधी ही भिंत बघायची, हा ताईचा नियम. भिंत बघून झाली की ती मनगटावरचं घड्याळ काढते. घड्याळाखाली तिने स्वतःच्या हाताने सगळ्या रंगांचे पट्टे गोंदलेत, अर्धे घड्याळाच्या पट्ट्याखाली येतील आणि अर्धे उघडे राहतील असे. झाकलेला भाग अजून कालच काढल्यासारखा आहे. उघड्या भागातला पिवळा तर शोधावा लागतो, केशरीचा नुसता डाग उरलाय, लाल विटका झालाय. काळा तेवढा जागेवर आहे, फक्त जरा निळसर आणि जरा जाड झालाय. "ऊन आणि वय, दोघं फुकटात राबतात आणि सुट्टी घेत नाहीत," ताई गिऱ्हाइकाला सांगते. "आता बोला, काय काढू?" निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच पळतात. उरलेल्या निम्म्यांवर ताईचं घर चालतं.

माझं लग्न ठरलं ते एका पत्रेवाल्याशी. म्हणजे छपरांवर पत्रे बसवायचं त्याचं काम. उंच, दणकट, उन्हात रापलेला, आणि आपल्या दंडांवर स्वतःच इतका खूश की आरशाला लाज वाटावी. घरात मला छबू म्हणतात, ते त्याला फार आवडलं. लग्नाच्या आधी तो ताईच्या खुर्चीत जाऊन बसला आणि म्हणाला, "ताई, कोपराच्या खाली, लांबून दिसेल असं, छबू."

ताईने आयुष्यात इतकं जीव ओतून काही काढलं नसेल. जाड, काळी, ठसठशीत दोन अक्षरं. तो हात वळवून बघत म्हणाला, "ब जरा ढेरपोट्या झालाय हो, ताई."

"असू दे, जावईबापू," ताई म्हणाली. "रेघ वयाबरोबर जाड होते. आतली जागा बुजत जाते. आत्ता पोट मोठं ठेवलं तर तुमच्या म्हातारपणीही ब वाचता येईल. माझ्या बहिणीचं नाव आहे, पुसट झालेलं मला चालणार नाही."

मग नाव दिसायला हवं म्हणून त्याने बाह्यांशी वैरच धरलं. नवीन शर्ट आणला की माझ्यापुढे टाकायचा, "छबू, बाह्या उडव." मी म्हणायची, अहो, दिवसभर पत्र्यावर असता, कातडी भाजेल, राहू द्या की. ऐकतोय कोण? मी बाह्या उसवायची, खांद्याला पट्टी मारून द्यायची. चांगलं कापड फेकायला जीव होत नाही, म्हणून उसवलेल्या बाह्या घडी करून एका गाठोड्यात ठेवत गेले. रेघारेघांच्या, चौकटीच्या, निळ्या, बदामी. खोटं कशाला बोलू, तेव्हा मलाही गुदगुल्या व्हायच्या. नवरा गावभर माझं नाव मिरवत फिरतोय, आणखी काय पाहिजे?

बारा वर्षं मिरवलं. मग तो रंगाच्या दुकानातल्या बाईकडे राहायला गेला.

जाणारे जातात. पण हा कसा गेला ते ऐका. मी घाऊक बाजारात अस्तराचं कापड आणायला गेले होते. संध्याकाळी गठ्ठे घेऊन परत आले, मागची शिवणाची खोली उघडली, आणि बघते तर खोलीत लख्ख उजेड. वर बघितलं तर आभाळ. छप्पर नाही! पत्रे काढून नेले होते त्याने. पत्रे तर पत्रे, नटबोल्टसुद्धा सोडले नव्हते मेल्याने. माझं मशीन, कात्र्या, गिऱ्हाइकांचे कपडे, सगळं उघड्यावर. शेजारणीने विचारलं तर तिला म्हणाला होता, "पत्रे माझे, मी बसवले, मी नेले." आणि ते पत्रे नेऊन बसवले कुठे? रंगवालीच्या गोदामावर!

लग्न झाल्यापासून मी त्याला 'अहो' म्हणत होते. छप्पर गेलं त्या दिवसापासून तो 'तो' झाला.

मी हट्टाने त्याच खोलीत शिवत बसले. कडक ऊन डोक्यावर घेऊन. मान भाजली, हात भाजले, एका गिऱ्हाइकाचं निळं कापड घडीवर पांढरं पडलं आणि ते गिऱ्हाईक तुटलं. शिव्या तर इतक्या दिल्या की जीभ भाजली. मला एकच हवं होतं. त्या माणसाला याची भरपाई करावी लागलेली मला या डोळ्यांनी बघायची होती. पोलिसांत जाऊ का, गोदामाला काडी लावू का, भर रस्त्यात त्याच्या तोंडाला काळं फासू का, रोज नवा बेत. ताई आली, दारात उभी राहून तिने वर बघितलं, मग माझ्या हातांकडे बघितलं.

"बाही घाल," ती म्हणाली. "कातडी भाजलीये तुझी."

"एवढंच दिसलं तुला?" मी ओरडले. "त्याचं काय करायचं ते सांग!"

सायकलवाल्याची हातगाडी आणून तिने माझं मशीन, गठ्ठे, बाह्यांचं ते गाठोडंसुद्धा तिच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. मी तिथे शिवायला लागले.

काही महिने गेले असतील. मी पडद्याआड काजं करत होते आणि बाहेरून आवाज आला, "ताई, येऊ का?" सुई बोटात गेली माझ्या. तोच! लाज कोळून प्यायलेला माणूस, तोंड वर करून आमच्याच दारात, आणि बरोबर ती रंगवाली. तिच्या बांगड्यांचा आवाज आणि तिच्या अत्तराचा वास पडद्यातून आत आला. मी कात्री हातात घेतली. पडदा जरासा हलला आणि ताईने मागे न बघता हात मागे करून तो सरळ केला. तिथेच थांब, असं सांगायची ती तिची पद्धत. कशी थांबले ते माझं मला माहीत.

"या," ताई म्हणाली. "बसू नका अजून. आधी भिंत बघा."

"अहो ताई, मी काय परका आहे का?"

"इथे सगळे परकेच. बघा भिंत."

त्याने काय बघितलं असेल ते असेल. मग रंगवाली बोलायला लागली. तीन ठिकाणी जाऊन आलो, सगळे म्हणतात नाव फार ठसठशीत आहे, वर काळंच थापावं लागेल, मला काळं नको, मला असा मासा हवा, केशरी, पोटाला पिवळा. मोबाईलवर चित्र दाखवत असावी. "सगळे म्हणाले, तुमच्याच बहिणीचं नाव... म्हणजे, ज्यांनी हे काढलं त्यांच्याकडूनच झाकून घ्या."

मला वाटलं, आता ताई दोघांना उंबऱ्याबाहेर काढणार. पण नाही. दिव्याचं बटण वाजलं. ताई शांतपणे बोलत होती, सगळ्या गिऱ्हाइकांशी बोलते त्याच आवाजात.

"मासा काढता येईल. गडद निळा, नाहीतर काळपट हिरवा काढला, तर खालचं नाव कायमचं गेलं समजा. केशरी काढला तर आज झाकलं जाईल, उद्याही झाकलेलं राहील. पण केशरी आणि पिवळा उन्हाला टिकत नाहीत. खालचा काळा टिकतो. हे बघा." घड्याळ काढल्याचा आवाज मी ओळखते. "हा झाकलेला, हा उघडा. तुमचं काम उन्हातलं. पूर्ण बाहीचे शर्ट घालणार का?"

तो हसला. असा हसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाही? ताई, माझ्या अंगावर कधी बाही बघितलीत का तुम्ही? उन्हातच वाढलोय. ऊन माझं काय वाकडं करतंय?"

"मग क्रीम लावा. रोज, कामावर असताना दोन-दोन तासांनी."

"क्रीम लावायला मी काय नवरी आहे?"

"मी सांगितलं, तुम्ही ऐकलं," ताई म्हणाली. "आणि तुम्हीही ऐकलंत ना, बाई?"

"हो हो, ऐकलं," रंगवाली म्हणाली. "केशरीच करा. आमचं रंगाचं दुकान आहे, मला रंगातलं कळतं."

आणि माझ्या सख्ख्या बहिणीने मशीन चालू केलं. तो तीनदा येऊन बसला, आणि तीनही वेळा मी पडद्याआड ती घूं घूं ऐकत बसले. माझ्या नावावर मासा चढत होता. शेवटच्या दिवशी ती दोघं गेली आणि मी बाहेर आले.

"झालं समाधान? माझ्याच नावावर माती लोटलीस! त्याने छप्पर नेलं, तू नावही पुसलंस!"

"पुसलं नाही," ताई सुया काढत म्हणाली. "झाकलं. थांब जरा."

"कशासाठी थांबू? किती थांबू?"

"ते माझ्या हातात नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? मी माझं शिवणाचं मशीन उचललं, घरी आणलं, वर प्लॅस्टिकचा कागद ताणला आणि ताईशी बोलणं बंद केलं. गाठोडं तिच्या फळीवरच राहिलं. ते घ्यायला परत त्या दारात जायची माझी इच्छा नव्हती. मग सायकलवाल्याकडून कळलं की ताईने त्या माशाचा फोटो भिंतीवर लावलाय. विश्वास बसेना. जाता जाता काचेतून डोकावले. खरंच होतं! डावीकडे त्याचा हात, त्यावर चकचकीत केशरी मासा, जणू आत्ता पाण्यातून काढलाय. उजवीकडे रिकामी चौकट. मला ती चौकट दिसली पण कळली नाही. रागात माणसाला काय कळतं? मला वाटलं, भिंतीवर लावून मिरवतेय.

दिवस गेले, वर्षं गेली. मी दुसऱ्या पत्रेवाल्याकडून छप्पर घालून घेतलं, पहिल्यापेक्षा जाड पत्र्याचं. काम वाढलं. ताई सणासुदीला नाही, पण आजारपणात येऊन जायची, मी दार उघडायची, बोलायची नाही. इतका पीळ माझ्यातही आहे.

मासा आजारी असल्याची बातमी आणली दूधवाल्याने. तो त्याच्याही घरी दूध घालायचा. "छबूताई, ते पत्रेवाले दिसले. हातावरचा मासा पार उतरलाय हो. केशरी होता ना? आता उकडल्यासारखा दिसतोय."

"मरू दे मेला," मी म्हणाले.

काही महिन्यांनी परत. "छबूताई, माशाचं पिवळं पोट गेलं. कातडीच दिसतेय तिथे."

आणि मग एका सकाळी पातेल्यात दूध ओततानाच तो खुदखुदायला लागला. दूध सांडलं. "छबूताई, माशाच्या पोटात काहीतरी काळं दिसतंय. काटा गिळलाय वाटतं. पण काट्याला उकार आहे!"

मी पातेलं तसंच ठेवून निघाले. तो एका शाळेच्या शेडवर पत्रे बसवत होता. मी समोरच्या झाडाखाली उभी राहिले. तो लोखंडी तुळईवर उभा, बिनबाहीचा, हात वर करून पत्रा ओढत होता, आणि ऊन त्या हातावर धो धो कोसळत होतं. मासा म्हणजे आता नुसती फिकट गुलाबी सावली. त्या सावलीच्या पोटात ब उभा होता, ढेरपोट्या, खाली उकाराचं शेपूट. छ अजून माशाच्या परांच्या आड होता, पण डोकं काढत होता. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? मी तिथेच रस्त्यात उभी राहून हसत सुटले. लोक बघायला लागले.

तशीच ताईच्या दुकानात गेले. एक गिऱ्हाईक खुर्चीत होतं. इतक्या वर्षांनी मी तिच्याशी बोलले ते एवढंच, "मुद्दाम केलंस?"

ताईने मशीन थांबवलं. गिऱ्हाइकाला म्हणाली, "पाणी प्या, पाच मिनिटं." मग मला मागच्या खोलीत घेऊन गेली.

"मी त्याच्याशी एक अक्षर खोटं बोलले नाही," ती म्हणाली. "तू ऐकत होतीस. निळा काढू म्हणाले, बाही घाला म्हणाले, क्रीम लावा म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी. बारा वर्षं त्याने तुझं ऐकलं नाही, माझं काय ऐकणार होता? ते मला ठाऊक होतं. आणि ठाऊक असूनही मी मासा काढला. आता त्याला काय म्हणायचं ते तू म्हण."

"मला तेव्हाच सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी गल्लीभर केलं असतंस. त्याने बाही घातली असती."

हे मात्र अगदी खरं होतं. मी तिच्या गळ्यात पडून रडले. तिचा चष्मा वाकडा झाला. आणि मग तिचा आवाज मी पहिल्यांदा तसा ऐकला, दातांत धरल्यासारखा. "बाबांच्या मागे तुझ्या डोक्यावर छप्पर ठेवायला माझी उमेद गेली गं. ते त्याने नटबोल्टासकट नेलं. मी सोडेन त्याला?"

त्यानंतर माझे दिवस फार मजेत गेले. बाजारात जायचं असलं की मी वाट वाकडी करून तो जिथे कामाला असेल तिथून जायची. छ ने आधी डोकं काढलं, मग खांदा, मग सगळाच बाहेर आला. अक्षरं पूर्वीपेक्षा जाड झाली होती, निळसर काळी, लांबून वाचता येतील अशी. ताईने सोडलेली जागा कामाला आली होती. ब अजून ब होता.

शेवटी तो आला. ऊन तापायला लागलं होतं. दुपारची वेळ, मी ताईच्या दुकानात बसून तिच्या खुर्चीला नवं कापड लावत होते. या वेळी पडद्याआड गेले नाही. दार धाडकन उघडलं. तो पुढे, रंगवाली मागे. ती पूर्वी अत्तरात बुडालेली असायची, आज तिच्या तोंडावर नुसता घाम होता.

"मुद्दाम केलंत तुम्ही!" तो ओरडला. चोराच्या उलट्या बोंबा त्या याच. त्याने हात पुढे केला. "बघा! कामावर पोरं मला छबू म्हणून हाक मारतात. 'छबू, पत्रा वर दे!' 'छबू, हातोडी टाक!' हसतात मला!"

"आणि माझ्या दुकानात गिऱ्हाइकं विचारतात," रंगवाली म्हणाली, "छबू तुमचंच नाव का? काय सांगू मी?"

मी कापडाला खिळा ठोकला. एवढ्या जवळून तो हात मी इतक्या वर्षांनी बघत होते. कोपराखाली माझं नाव, त्याच्या कातडीत, त्याच्याबरोबर म्हातारं झालेलं. क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच. मग मला माझ्या खोलीतलं ते आभाळ आठवलं आणि मी दुसरा खिळा ठोकला.

"तुम्हाला सांगितलं होतं," ताई त्याला म्हणाली. "यांच्यासमोर. घड्याळ काढून दाखवलं होतं."

त्याने रंगवालीकडे बघितलं. रंगवालीने भिंतीकडे बघितलं. रंगातलं कळणारी ती!

"ते जाऊ द्या," ती शेवटी म्हणाली. "आता काळंच करा. पार कोपरापर्यंत. हे नाव गेलं पाहिजे."

"बघते," ताई म्हणाली. चष्मा पुसला, दिवा ओढला, त्याचा हात धरून उजेडात आणला. तो सवयीने हात ताठ धरून बसला. ताईने मोबाईल उचलला आणि खटकन फोटो काढला.

"हे कशाला?"

"उजवीकडची चौकट रिकामी होती," ताई म्हणाली.

त्याने वळून भिंतीकडे बघितलं. स्वतःचा चकचकीत मासा दिसला असेल, आणि शेजारची रिकामी जागा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. तो उठायला लागला, पण ताईने त्याचा हात सोडला नव्हता. तिने अंगठ्याने त्या नावाशेजारची कातडी दाबली. पांढरा ठसा उठला आणि लगेच लालभडक झाला.

"भाजलीये," ती म्हणाली. "सालपटं निघतायत. भाजलेल्या कातडीवर मी सुई लावत नाही, कुणीच शहाणा लावणार नाही. वर त्यावर आधीच दोनदा काम झालंय. ही कातडी आधी पूर्ण झाकून ठेवा. दोन-तीन महिने ऊन लागता कामा नये. मग या, मी काळं करून देईन. आणि आत्ताच सांगून ठेवते, जुन्या रेघा फुगल्यात. काळ्याखाली नाव दिसणार नाही, पण हात फिरवला की बोटाला लागेल."

रंगवालीने न राहवून बोट पुढे केलं. छ च्या वळणावरून फिरवलं, ब च्या पोटावरून, खाली उकारापर्यंत. मग ते बोट तिने पदराला पुसलं.

"दोन-तीन महिने?" तो म्हणाला. "हा कामाचा हंगाम आहे. पत्र्यावर चढू कसा?"

"बाही घालून," ताई म्हणाली.

"माझ्याकडे बाहीचा एक शर्ट नाही!"

आणि तेव्हा, बाई गं, मला आठवलं. मी हातोडी खाली ठेवली, मागच्या खोलीत गेले, स्टुलावर चढून फळीवरचं गाठोडं काढलं. त्यावर बोटभर धूळ बसली होती. आणून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि गाठ सोडली. रेघारेघांच्या, चौकटीच्या, निळ्या, बदामी. सगळ्या कोऱ्या करकरीत. रंग जराही उतरला नव्हता एकीचाही.

"घे," मी म्हणाले. "तुझ्याच आहेत. डोक्यावर छप्पर नसलं की काय होतं, कळलं ना?"

त्याने एक बाही उचलून पाहिली. मग खालच्या आवाजात, पूर्वी म्हणायचा तसं म्हणाला, "छबू, शिवून देशील?"

रंगवालीने मान वर केली. त्याच्या तोंडून ते नाव असं लाडाने घेतलेलं तिने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"तुझ्या पत्र्याखालचं माझं दुकान बंद झालं," मी म्हणाले. "आता यांना सांग."

ती दोघं गाठोडं घेऊन गेली. दोन-तीन महिन्यांनी काही तो आला नाही. काळं करून घेऊन तरी काय, बोटाला लागणारच. उजवीकडची चौकट आता भरली आहे आणि नवीन गिऱ्हाईक आलं की ताई त्याला आधी तीच जोडी दाखवते. घड्याळ काढायची गरज सहसा पडत नाही.

मी अजून बाजाराची वाट वाकडी करते. परवा तो एका गोदामाच्या छपरावर होता. भर उन्हात, पत्र्यावर, मनगटापर्यंत बटणं लावून, घामाने निथळत. जुने शर्ट विरून गेले असणार, म्हणून भलत्याच शर्टाला त्या बाह्या जोडल्यात, एक चौकटीची आणि एक रेघांची. नवे शर्ट घेता आले असते, पण रंगवाली म्हणाली असेल, आहेत ना बाह्या, वाया कशाला घालवायच्या? हातोडी उचलली की बाही वर सरकते आणि उकाराचं शेपूट दिसतं, मग तो काम थांबवून ती खाली ओढतो.

तिने घाईत उजवी बाही डाव्या हाताला लावलीये आणि डावी उजव्याला. म्हणून बाही काखेत ओढते आणि सारखी वर सरकते. रस्त्यावरूनही मला ते लगेच कळतं. दोन शिवणी उसवून अदलाबदल केली की झालं, पाच मिनिटांचं काम आहे.

मी सांगत नाही.